वीस तारखेला पगार संपतो, आता आणखी काय कापू?

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलंय की नाही हे तुम्हालाही बघता येईल. पिंपरी-चिंचवडला भाड्याच्या दोन खोल्या. मिस्टरांचा हातात येणारा पगार २४,०००. तुमच्या शिलाईचे महिन्याला तीनेक हजार, तेही कधी कमी, कधी जास्त. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. सासूबाईंना बीपी आणि शुगर. वीस तारखेनंतर घरात पैसे उरत नाहीत. एक लिटर दुधाचं अर्धा लिटर केलं, फळं बंद केली, नवे कपडे फक्त दिवाळीला, तरी भागत नाही. आणि शेवटी विचारलंय, "आता आणखी काय कापू?"

मी नाशिकला सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांमध्ये बावीस वर्षं बचत गटांची सहयोगिनी म्हणून काम केलं. कर्जाचा अर्ज आला की त्या घरी जायचं, बसायचं, जमाखर्च समजून घ्यायचा, हे माझं रोजचं काम होतं. तुमचा हा शेवटचा प्रश्न मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलाय की उत्तर द्यायला विचार करावा लागत नाही. आणखी काही कापू नका. जे कापलंय त्यातलंही थोडं परत आणायचंय. ते कसं, हे जरा सविस्तर सांगते.

तुम्ही महिन्याच्या खर्चाची यादी दिलीत हे फार बरं केलंत. भाडं ६,५००, किराणा ६,५००, सासूबाईंची औषधं २,१००, पेट्रोल २,०००, भाजीपाला १,८००, लाइट १,३००, मुलीची ट्यूशन १,२००, गॅस ९००, तीन फोनचे रिचार्ज ९००, दूध ९००, ग्रुप लोनचा हप्ता २,३०० आणि मोबाइलचा हप्ता १,५००. बेरीज होते २७,९००. जमा २७,०००. म्हणजे तूट नऊशे रुपयांची. आता मला सांगा, नऊशे रुपयांच्या तुटीनं एखादं घर वीस तारखेला रिकामं होईल का? फार तर २९ तारखेला होईल. म्हणजे घोळ कुठेतरी दुसरीकडेच आहे.

पहिला घोळ तारखांचा. तुमचा किराणा उधारीवर असतो. पगार झाला की मागच्या महिन्याची दुकानदाराची वही मिटवायची, भाडं द्यायचं, दोन्ही हप्ते भरायचे. म्हणजे पाच तारखेपर्यंत १६,८०० रुपये घराबाहेर गेलेले असतात. उरलेल्या ७,२०० मध्ये औषधं, लाइट, पेट्रोल, गॅस, भाजी, ट्यूशन, रिचार्ज, दूध असा ११,१०० रुपयांचा खर्च ओढायचा. मधे शिलाईचे पैसे आले तर आले. वीस तारखेला हात रिकामा होणारच, त्यात तुमच्या उधळपट्टीचा काही संबंध नाही.

दुसरा घोळ मोठा आहे. यादीत जे खर्च तुम्ही धरलेच नाहीत, ते तुमच्याच पत्रात इकडेतिकडे आलेत. दोघांच्या शाळेची वर्षाची फी १८,०००. गणवेश, वह्या, दप्तर मिळून ७,०००. दिवाळी ८,०००. गावी जाणं-येणं आणि लग्नकार्यं ६,०००. विम्याचा वार्षिक हप्ता ६,०००. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ३,०००. भाडेकराराचं नूतनीकरण २,०००. आणि कुणी ना कुणी आजारी पडतंच, त्याचे मी ४,००० धरले. एकूण ५४,०००. बाराने भागा. महिन्याला साडेचार हजार.

म्हणजे दर महिन्याला साडेचार हजारांचा एक खर्च तुमच्या घरात होतोय आणि तो वहीत नाहीच. वहीत नाही म्हणून त्याला पैसेही नसतात. मग जून उजाडला की ग्रुप लोन, दिवाळी आली की कुणाकडून तरी हातउसने. त्या कर्जाचा हप्ता पुढचे दीड-दोन वर्षं महिन्याच्या खर्चात येऊन बसतो आणि तुम्हाला वाटतं, महिन्याचा खर्च वाढला. तो वाढलेला नाही, मागच्या जूनची फी तुम्ही अजून व्याजासकट भरताय. आणि ती भरायला तुम्ही मुलांचं दूध कमी केलंत.

मी हे जरा कडक लिहितेय, कारण मी स्वतः हे केलंय. आमच्या मिस्टरांची कंपनी बंद पडली तेव्हा जवळपास वर्षभर घरात नियमित पगार नव्हता. मी पहिल्यांदा दूध कमी केलं, मग सासूबाईंची बीपीची गोळी रोजची दिवसाआड केली. त्यांनीच सुचवलं होतं, "मला बरं वाटतंय, कशाला रोज?" मला ते ऐकायला सोपं वाटलं. तीन महिन्यांनी त्या चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात सहा दिवस गेले आणि गोळ्यांत वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे. त्या नंतर कधीच पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. म्हणून औषधाची गोळी आणि वाढत्या वयाच्या मुलांचं ताट या दोन ठिकाणी कात्री लावायची नाही, हा नियम मी पुढे गटातल्या प्रत्येक घरात अडून बसून पाळायला लावला.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. मुलीची ट्यूशन खरंच उपयोगाची आहे का, हे तुम्ही आणि मुलगी ठरवा. सातवीत गणित कच्चं असेल तर १,२०० रुपये जास्त नाहीत. घर बदलून हजार रुपये भाडं वाचेल, पण कंपनी लांब पडली तर ते पेट्रोलमध्ये जाईल, वर नवीन डिपॉझिट, सामान हलवणं आलंच. शाळा बदलण्याबद्दल मी काही म्हणणार नाही. फक्त एवढं माहीत असू द्या की सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात आणि तिथली फी नगण्य असते. तुमच्या जवळ चांगली अनुदानित मराठी शाळा असेल तर मुलगा पाचवीत जाईल तेव्हा एकदा जाऊन बघून या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मिस्टर या हिशोबाला बसणार आहेत का? एकटी बाई वही लिहिते आणि बाकीचं घर खर्च करतं, असं असेल तर वही दोन महिन्यांच्या वर टिकत नाही, हे मी खूप घरांत पाहिलंय.

कामाला औषधांपासून लागा, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे सुटतील आणि कुणाच्याही तोंडचा घास कमी न करता सुटतील. बीपी-शुगरच्या गोळ्या बहुतेक जुन्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या आहेत. मेटफॉर्मिन, अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशी त्यांच्या औषधाची मूळ नावं. दुकानातल्या पट्टीवर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं आणि बारीक अक्षरात हे मूळ नाव. जनऔषधी केंद्रात हीच औषधं मूळ नावानं मिळतात आणि बऱ्याच गोळ्यांची किंमत निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. शहरात ही केंद्रं आता पुष्कळ आहेत.

पण घाईनं चिठ्ठी घेऊन जाऊ नका. आधी सासूबाईंच्या डॉक्टरांना सांगा की आम्हाला जनऔषधीतून घ्यायचंय, मूळ नावानं लिहून द्या. मग तीन गोष्टी जुळवून बघा. नाव तेच आहे का, मिलिग्रॅम तितकेच आहेत का, आणि नावापुढे 'एसआर' सारखी अक्षरं आहेत का. एसआर म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी. साधी मेटफॉर्मिन आणि एसआर मेटफॉर्मिन एकमेकींच्या जागी आपल्या मनानं घ्यायच्या नाहीत. एकाच गोळीत दोन औषधं असली तर तीही तशीच मिळते का ते विचारा. सुरुवातीला पंधरा दिवसांचीच आणा, बीपी-शुगर तपासून घ्या, ठीक असेल तर मग महिन्याची आणा. आमच्या गटात दोन हजारांच्या आसपासची औषधं सातशे-आठशेवर आलेली मी अनेकदा पाहिली आहेत. तुमच्या हिशोबात मी १,४०० ची बचत धरतेय. पालिकेच्या दवाखान्यातही बीपी-शुगरच्या गोळ्या बऱ्याचदा फुकट मिळतात. रांगेत उभं राहायला वेळ असेल तर तेही करा, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

मोठ्या आजारपणासाठी रेशन कार्ड नीट जपा. तुमच्या उत्पन्नाला कार्ड पांढरं असणार, म्हणजे रेशनचं धान्य मिळणार नाही. पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पांढऱ्या कार्डावरही उपचार होतात, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेत ठरलेल्याच उपचारांना आणि ठरलेल्याच रुग्णालयांत ते मिळतं, म्हणून घरात सगळे धडधाकट असताना जवळची रुग्णालयं कोणती, ते शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ऐन वेळी रिक्षात बसून ते सुचत नाही. रेशन कार्डावर मुलांची नावं चढलीत का, आधारशी स्पेलिंग जुळतं का, हेही आत्ताच बघा.

दुसरं, किराणा. उधारीच्या दुकानदाराला मी नावं ठेवणार नाही. अडीअडचणीत तोच उभा राहतो. पण वहीवर माल घेणाऱ्याला भाव विचारता येत नाही आणि तो देईल तो ब्रँड घ्यावा लागतो. शिवाय मुलं जातात आणि दहा-दहाची पुडी घेऊन येतात, ती त्याच वहीत चढते. दोन मुलं, महिन्याचे पंचवीस-सव्वीस दिवस, म्हणजे पाचशे रुपये. एकदा दुकानदाराकडून मागच्या महिन्याचं पान मागून घ्या आणि मुलांसमोर बसून त्यातल्या पुड्या मोजा. रागावू नका, नुसत्या मोजा. मुलांना आकडा दिसला की कळतं. आणि त्यांना संध्याकाळी भूक लागतेच, त्यामुळे डब्यात दुसरं काहीतरी तयार हवं. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, फुटाणे, पातळ पोह्यांचा चिवडा, शिळ्या पोळीचा कुस्करा तूप-गूळ घालून. आठवड्यातून एक दिवस पुडी चालेल, असं ठरवून टाका. सगळं बंद केलं की मुलं चोरून घेतात. इथून चारशे सुटतील.

उधारीच्या वहीतून एका महिन्यात बाहेर पडता येत नाही, तसा प्रयत्न केला तर तो महिना उपाशी जातो. आमच्या बायका असं करायच्या: पहिल्या महिन्यात फक्त तेल आणि साखर रोखीनं होलसेलच्या दुकानातून. दुसऱ्या महिन्यात डाळी. तिसऱ्या महिन्यात गहू-तांदूळ. तोवर वहीवरचं बिल आपोआप अर्ध्यावर येतं. तेलाचं एक बघा, तुम्ही महिन्याला चार लिटर लिहिलंय. पाच माणसांच्या घराला, त्यात दोन मुलं आणि एक पथ्याचं माणूस, अडीच-तीन लिटर पुरायला हवं. तेलाची बरणी भांड्यावर तिरकी न करता पळी वापरली तरी फरक पडतो. तेलाची पिशवी घेताना लिटर आहे की ग्रॅम, किती ग्रॅम, हे वाचा. सारख्या दिसणाऱ्या पिशव्यांत माल कमी-जास्त असतो. पाकिटावर आता दर ग्रॅमची किंवा दर मिलिलिटरची किंमतही छापलेली असते, तीच ताडून बघायची.

डाळींमध्ये तूर महाग असते तेव्हा रोज तुरीचंच वरण हवं असा हट्ट नको. अर्धी तूर, अर्धी मसूर किंवा मूग घातली तर चव बिघडत नाही. आठवड्यातून दोन दिवस पिठलं, एक दिवस कुळथाचं, दोन दिवस मोड आलेली मटकी किंवा हरभरा. हे गरिबीचं जेवण म्हणून वाढू नका, कारण ते तसं नाहीच. मुलांना आणि शुगरच्या माणसाला हे जेवण उलट चांगलं. भाजी बाजारच्या दिवशी रात्री बाजार उठता उठता घ्यायची, हे तुम्हाला माहीत असेलच. फळं बंद केलीत ती परत सुरू करा, पण मोसमातली. पेरू, बोरं, केळी, चिंच-आवळा. सफरचंदाच्या एका किलोत आठवडाभराची केळी येतात.

वर्षाचं धान्य भरावं असं सगळे सांगतात, पण ते सांगणाऱ्यांकडे एकरकमी पैसे असतात. तुमच्याकडे नाहीत. मग मार्ग एकच, चार-पाच घरांनी मिळून घेणं. नवी तूर बाजारात येते जानेवारी-फेब्रुवारीत, शाळू ज्वारी आणि लाल मिरची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, गहू मार्च-एप्रिलमध्ये. त्या त्या वेळी एक पोतं घेऊन वाटून घेतलं, प्रत्येकीनं तीन-चार महिन्यांचंच भरलं, तरी भावात फरक पडतो. गव्हाला चांगलं ऊन द्यायचं, थंड झाल्यावर एरंडेल चोळून कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवायचं. पाऊसकाळात पोरकिडे झालेलं धान्य म्हणजे सगळी बचत कोंबड्यांना. रोखीची खरेदी, कमी तेल आणि वाटून घेतलेलं धान्य यांतून मी आठशे धरलेत. पुड्यांचे चारशे धरून किराण्यातून बाराशे.

लाइटबिलाबद्दल एक विचारते. तुमचा मीटर वेगळा आहे की घरमालकाचा सबमीटर? महावितरणच्या दरात पहिल्या १०० युनिटांना कमी दर असतो आणि १०१ ते ३०० ला बराच जास्त. चार भाडेकरूंची वीज एकाच मीटरवर गेली की सगळेच वरच्या दरात जातात आणि घरमालकही मग तोच दर लावतो. स्वतंत्र मीटर मिळत असेल तर घरमालकाशी शांतपणे बोलून बघा. तोपर्यंत दर एक तारखेला सबमीटरचा आकडा स्वतः टिपून ठेवा. पाण्यात टाकायचा हीटर १,५०० वॉटचा असेल तर चाळीस मिनिटांत एक युनिट खातो. पाच बादल्या एकामागून एक तापवण्यापेक्षा लहान मुलांना आणि सासूबाईंनाच गरम पाणी, बाकीच्यांनी उन्हाळ्यात थंड. जुना पंखा साधारण ७५ वॉटचा असतो. तो बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट. नवा कमी विजेचा पंखा ३० वॉटच्या आसपास चालतो, म्हणजे ११ युनिट. पण म्हणून आज पंखा विकत आणू नका. जुना जळेल तेव्हा त्याला पुन्हा वाइंडिंग न करता नवा घ्या. इथून अडीचशे सुटले तरी पुष्कळ.

फोनचे तीनशे सहज सुटतात. तीनपैकी एकाच फोनला रोजच्या डेटाचा पॅक ठेवा, सासूबाईंच्या फोनला नुसतं बोलणं पुरतं.

तर आत्तापर्यंत हातात आले १,४०० औषधांचे, १,२०० किराण्याचे, २५० लाइटचे, ३०० फोनचे. एकूण ३,१५०. यातले ९०० मी लगेच बाजूला काढतेय, ते कशाला ते शेवटी सांगते. उरले २,२५०. महिन्याची नऊशेची तूट त्यातून भरली की १,३५० राहतात. हे १,३५० वर्षाच्या खर्चासाठी वेगळे ठेवायला लागा, पगाराच्या दिवशी, भाड्याच्याही आधी.

कुठे ठेवायचे? घरातल्या डब्यात नको, तो डबा सगळ्यांना माहीत असतो. भिशीही या पैशांसाठी मला पसंत नाही. भिशीत आपला नंबर जूनमध्येच लागेल याची खात्री नसते, आणि भिशी चालवणारी व्यक्ती अडचणीत आली तर पैसे अडकतात. पोस्टाचं आरडी शंभर रुपयांपासून सुरू होतं, पण ते पाच वर्षांचं आहे. जूनच्या फीला उपयोगाचं नाही. तुमच्या नावानं बँकेत दुसरं बचत खातं उघडा, त्याला एटीएम कार्ड घेऊ नका, ते फोनच्या कुठल्याही पेमेंट ॲपला जोडू नका. पैसे काढायला बँकेत जावं लागलं की अर्ध्या वेळा आपण जातच नाही. खात्याच्या वहीच्या मागच्या पानावर फी, दिवाळी, विमा, गाडी, लग्न असे कप्पे लिहा आणि किती कुणाचे ते पेन्सिलीनं मांडत चला.

मोबाइलचे चार हप्ते उरलेत असं तुम्ही लिहिलंय. दिवाळी नुकतीच झाली, म्हणजे मार्चमध्ये ते संपतील. एप्रिलपासून ते १,५०० याच खात्यात. इथे बहुतेक घरं घसरतात. हप्ता संपला की दुकानातून फोन येतो, ग्राहक चांगला आहे म्हणून नवीन वस्तू विनाव्याज देतो म्हणून. त्या दिवशी 'नाही' म्हणणं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. मिस्टरांशी हे आत्ताच ठरवून ठेवा.

गणित मांडते. डिसेंबर ते मार्च चार महिने १,३५० प्रमाणे ५,४००. एप्रिल, मे दोन महिने २,८५० प्रमाणे ५,७००. जूनपर्यंत ११,१००. मधे गाडीच्या विम्याला हजार-दोन हजार जातील. म्हणजे जूनला हातात नऊ-साडेनऊ हजार. गरज पंचवीस हजारांची. पुरणार नाही, हे मी आजच सांगते. म्हणून मेच्या आत शाळेत जाऊन फी दोन टप्प्यांत भरायची परवानगी मागा. लेखी अर्ज द्या, तोंडी नको. पहिला टप्पा नऊ हजार, गणवेश-वह्यांतलं जे जुनं चालेल ते चालवून चार-पाच हजार. तरी चार-पाच हजार कमी पडतील. तेवढेच कर्ज घ्या, पंचवीस हजारांचं नको. ऑगस्टमध्ये ग्रुप लोनचा नववा, शेवटचा हप्ता गेला की त्याचेही २,३०० मोकळे होतात. मग महिन्याला ५,१५० बाजूला पडतात आणि वर्षाच्या खर्चाला लागतात ४,५००. म्हणजे पुढच्या दिवाळीनंतर तुमचं घर पहिल्यांदा कर्जाशिवाय चालायला लागेल. साधारण वर्ष लागतंय. याहून लवकर होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

ते चार-पाच हजार कुठून घ्यायचे? जवळ बचत गट असेल तर आजच सभासद व्हा, कारण नव्या सभासदाला लगेच कर्ज मिळत नाही. गटाचं व्याज बहुधा महिन्याला दोन टक्के असतं. ते कमी नाही, पण ते उरलेल्या रकमेवर लागतं आणि गटातच जमा होतं. उलट 'वर्षाला फक्त बारा टक्के' म्हणणारा फ्लॅट दरानं मोजत असेल तर नीट बघा. दहा हजार घेतले, वर्षाचं व्याज बाराशे, आणि दर महिन्याला ९३३ फेड. मुद्दल दर महिन्याला कमी होतंय पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवर. खरा दर पडतो एकवीस टक्क्यांच्या वर. क्रेडिट कार्डावर 'किमान रक्कम' भरत राहिलात तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के, तिकडे तर बघूच नका.

तुमचं सध्याचं ग्रुप लोन मायक्रोफायनान्सचं असेल तर त्याचं कार्ड काढून वाचा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असायला हवं, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. मिस्टरांना बोनस किंवा ओव्हरटाइमचे जादा पैसे मिळाले तर तिथे भरा. 'आधी भरलं तर जास्त लागतील' असं कुणी सांगितलं तर लेखी मागा.

लग्नकार्यांचं बोलायला अवघड वाटतं, पण सहा हजार ही लहान रक्कम नाही. माझ्या ओळखीतल्या एका गटानं ठरवलं होतं, कुणाच्याही घरचं कार्य असो, पाकीट २०१ चं. सगळ्यांचं सारखं, त्यामुळे कुणाला वाईट वाटलं नाही. नात्यात असं ठरवता येत नाही हे मला कळतं. पण जवळच्या चार कार्यांना मनापासून जायचं आणि बाकीच्यांना फोन करायचा, एवढं तरी ठरवता येतं. गावी जाताना एसटीनं जा. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि सासूबाई पंचाहत्तरच्या पुढे असतील तर त्यांना फुकट.

आणि एक छोटा खर्च वाढवा. मिस्टरांच्या बँक खात्यावर जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत आणि सुरक्षा विमा २० रुपयांत घ्या. पहिल्यात मृत्यूनंतर दोन लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. रोज दुचाकीनं शिफ्टला जाणाऱ्या एकट्या कमावत्या माणसासाठी हे ४५६ रुपये मी कुठल्याही घरात कापू दिले नाहीत.

आता तुमच्या शिलाईकडे येते, कारण बचतीला मर्यादा असते. तीन हजार मिळतात म्हणता, पण लोकांकडे किती बाकी आहे ते लिहिलं नाही. ब्लाउज शिवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईची वस्तीत उधारी असते. 'नंतर देते गं' म्हणत शेजारीण ब्लाउज घेऊन जाते आणि आपण भिडेपोटी मागत नाही. तुम्ही दुकानदाराची उधारी पाच तारखेच्या आत चुकवता, मग तुमची का राहते? आजच बसून मागच्या सहा महिन्यांची बाकी आठवा, लिहा. माझा अंदाज आहे, दोनेक हजार तरी निघतील. पुढे कापड घेतानाच अर्धे पैसे घ्यायचे आणि ब्लाउज देताना उरलेले. अस्तर, हुक, दोरा वेगळा लावायचा. दोन-चार गिऱ्हाइकं रुसतील, बाकीची राहतील. मार्चपासून लग्नाच्या ऑर्डरी सुरू होतात, त्याआधी हा नियम बसवा. हे पैसे मी वरच्या हिशोबात धरलेले नाहीत. ते आले तर जूनचं कर्ज टळेल.

वहीचं शेवटी सांगते. मुलीची जुनी अर्धी कोरी वही घ्या. महिनाभर रोज रात्री तिलाच लिहायला सांगा, सातवीतली मुलगी छान लिहील. फक्त त्यात 'किरकोळ' हा शब्द लिहायचा नाही. दहा रुपये असले तरी कशाचे ते लिहायचं. फोनवरून दिलेले पैसे विसरतात, म्हणून भाजीचे पैसे आठवड्याला रोख काढून वेगळ्या पाकिटात ठेवा. मिस्टरांच्या चहा-नाश्त्याचा आकडा आला तर त्यावर घरात बोलणं काढू नका, निदान पहिल्या महिन्यात तरी. नाहीतर दुसऱ्या महिन्यापासून आकडे खोटे यायला लागतील.

आणि ते बाजूला काढलेले नऊशे रुपये अर्धा लिटर दुधाचे आहेत. उद्या सकाळी दूधवाल्याला सांगा, परत एक लिटर.